हळदीकुंकवाला मी प्लॅन दाखवला

२०२२च्या जूनमध्ये माझ्या मावसबहिणीचा फोन आला, तेव्हा सहा दिवस घरात टॉवेलचा गठ्ठा आला नव्हता. आम्ही सोलापुरात विडी कामगारांच्या वसाहतीत, विडी घरकुलात राहतो. आमचे हे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात जॉबर, म्हणजे माग नीट चालता ठेवणारे, आहेत आणि मी घरी मशीनवर टॉवेलच्या कडा शिवते. करोनानंतर सूत महागलं होतं, कारखाने आठवड्यातून चारच दिवस चालायचे, आणि तिकडे माग थांबला की इकडे माझं मशीन थांबायचं. ताई म्हणाली, "घरीच आहेस ना? येते. फोनवर सांगण्यासारखं नाही."

ती एकटी आली नाही, बरोबर एक मॅडम होत्या. पुढे मीही हेच करायला शिकले. फोनवर काही सांगायचं नाही, कंपनीचं नाव घ्यायचं नाही, आणि जाताना तिसरं माणूस बरोबर न्यायचं. बहिणीला आपण "जा गं, मला वेळ नाही" म्हणतो. परक्या बाईला बसायला सांगतो, चहा टाकतो, आणि चहा संपेपर्यंत ती काय सांगते ते ऐकून घेतो.

मॅडमनी माणसं जोडण्याचा प्लॅन दाखवायला वहीवर एक गोल काढला. "हा तुम्ही." त्याखाली दोन गोल, डावीकडे एक, उजवीकडे एक. त्या दोघांखाली चार, चारांखाली आठ. डावीकडे एक आणि उजवीकडे एक आयडी, म्हणजे नवा सभासद, लागला की एक जोडी जुळली, जोडीचे १,२०० रुपये. त्यातून टीडीएस आणि ॲडमिन चार्ज कापून हातात १,०२०. "तुम्हाला फक्त दोन माणसं आणायचीत. बाकीचं ती दोघं करतात." सुरुवातीला ९,२०० रुपयांचं पॅकेज घ्यायचं, आणि ते पैसे वाया जात नाहीत, त्याचा माल मिळतो.

त्या रविवारी सात रस्त्याजवळच्या एका हॉलमध्ये सेमिनार होता. दोनशेक माणसं असतील. निम्म्याहून जास्त बायका, आणि त्यातल्या बहुतेक माझ्यासारख्याच: विडी वळणाऱ्या, शिलाई करणाऱ्या, अंगणवाडीच्या मदतनीस, धुण्याभांड्याला जाणाऱ्या. पुण्याहून आलेले सर कोट-टाय घालून उभे होते. त्यांनी विचारलं, "तुम्ही किती वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यासाठी राबणार? म्हातारपणी कोण बघणार तुमच्याकडं?"

लोक हसण्यावारी नेतात, म्हणतात की बायका अशा कशा फसतात. त्यांना मला हेच सांगायचंय, की तो प्रश्न खोटा नव्हता. आमच्या शेजारच्या अक्का चाळीस वर्षं मांडीवर सूप घेऊन विड्या वळतायत. बोटांची टोकं गुळगुळीत झालीत, तंबाखूनं खोकला धरलाय. त्यांच्या आयुष्याबद्दल इतक्या नेमकेपणानं विचारणारं कोणी मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्या माणसानं आमचं दुखणं बरोबर ओळखलं आणि त्यावर खोटं औषध विकलं. त्याचा मला आजही राग येतो.

मी भिशी उचलली आणि ९,२०० रुपये मॅडमच्या हातात रोख दिले. पावती मिळाली ती मालाची. 'जॉइनिंग' हा शब्द त्यावर कुठंच नव्हता. तेव्हा ते लक्षात आलं नाही, नंतर तेच आड आलं. खोक्यात दोन डबे प्रोटीन पावडर, चार बाटल्या ज्यूस, चहाची पाकिटं, साबण, टूथपेस्ट. तशीच टूथपेस्ट आमच्या गल्लीतल्या दुकानात साठ रुपयांना मिळते, या पेस्टवर १८५ छापलेले होते. मी ताईला विचारलं. ती म्हणाली, "किंमत बघू नको, पॉइंट बघ."

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. पहिलं काम यादीचं. शंभर नावं लिहायची. आठवत नसतील तर लग्नाचा अल्बम काढायचा, बारशाची यादी काढायची, मोबाइलमधले सगळे नंबर वरून खाली बघत जायचं. ही यादी वरवर साधी वाटते, पण तिनं माझी नजर बदलली. इतकी वर्षं ज्या माणसांकडे माणूस म्हणून बघत होते, त्यांच्याकडे मी आता कोण पटकन 'हो' म्हणेल, कोणाकडे पैसे निघतील, कोणाला माझा शब्द मोडवणार नाही, अशा नजरेनं बघायला लागले. पहिलं नाव मी अक्कांचं लिहिलं.

माझ्या दुसऱ्या बाळंतपणात माझी आई आजारी होती. तेव्हा मला शेकशेगडी अक्कांनी केली. लेकीला तेल लावून अंघोळ त्याच घालायच्या. घरात त्या तेलुगू बोलतात, माझ्याशी मराठी. मला 'पोरी' म्हणतात. शंभरात त्यांचं नाव पहिलं आलं, कारण मला त्या नाही म्हणणार नाहीत हे मला ठाऊक होतं.

त्या म्हणाल्या, "माझ्याकडं कुठलं आलं गं नऊ हजार?"

याचं उत्तर आम्हाला पाठ करून दिलेलं होतं. "पैसे नाहीत म्हणून तर करायचं, अक्का." मी ते तसंच्या तसं म्हटलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, गटाचं कर्ज निघालंय, सुनेच्या शिलाई मशीनसाठी घेतलंय, त्यातून देते. गटाचं कर्ज म्हणजे दर आठवड्याला हप्ता, आणि एकीचा थकला तर बाकीच्यांनी भरायचा. मला हे सगळं माहीत होतं. मी पैसे घेतले.

पुढच्या सहा महिन्यांत मी आणखी चौघींना आणलं: माझी भावजय, किराणा दुकानाच्या मावशी, अंगणवाडीच्या मदतनीस ताई आणि माझ्याबरोबर टॉवेल शिवणारी एक मैत्रीण. त्यांनी त्यांच्या बायका आणल्या, वरून आलेले काही आयडी माझ्या खाली लावले गेले. आमच्या ह्यांना पहिले दोन महिने काही सांगितलं नव्हतं. तेही शिकवलेलंच होतं: "आधी चेक हातात येऊ द्या, मग घरी दाखवा." पहिला चेक १,०२० रुपयांचा आला. मी तो देवापुढे ठेवला. यांनी एकच विचारलं, "हे पैसे कुणाचे?" मी म्हटलं, कंपनीचे. हे म्हणाले, "कंपनीला कुणी दिले?" मला तो टोमणा वाटला. सर नेहमी सांगायचे की घरातूनच निगेटिव्ह बोलणारे निघतात, त्यांच्यापासून लांब राहा. म्हणून मी दोन दिवस त्यांच्याशी नीट बोलले नाही. अठरा वर्षांच्या संसारात तसं कधी झालं नव्हतं.

दर महिन्याला २,००० रुपयांची खरेदी केली तरच आयडी ॲक्टिव्ह राहायचा. नाहीतर जुळलेल्या जोडीचेही पैसे मिळायचे नाहीत. त्याला रिपर्चेस म्हणायचे. महिन्याच्या २८ तारखेपासून फोन सुरू व्हायचे: "क्लोजिंग आहे, करून टाका." कपाटात मागच्या महिन्याचा डबा न फोडलेला असायचा, तरी नवा यायचा. ९,२०० रुपये एकदाच जातात, ते दिसतात. हे दोन-दोन हजार दिसत नाहीत, कारण खरेदी केल्यासारखी वाटते. त्याशिवाय सेमिनारचं तिकीट, पुण्याच्या मोठ्या मेळाव्याचं तिकीट, एसटीचं भाडं, घरी मीटिंग ठेवली की चहा-पोहे. हे सगळं ज्यानं त्यानं आपल्या खिशातून करायचं.

जानेवारी २०२३मध्ये गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, भरला होता. नंदीध्वजांची मिरवणूक झाली, गल्लीतल्या बायका यात्रेला जाऊन आल्या, घराघरात हळदीकुंकू सुरू झालं. माझ्या वरच्या मॅडमचा फोन आला. "रथसप्तमीच्या आत घरी हळदीकुंकू ठेवा. तीस बायका स्वतःच्या पायानं येतील. असा मोका वर्षातून एकदाच."

मी ठेवलं. रांगोळी काढली, तिळगूळ केला. वाण म्हणून कंपनीच्या टूथपेस्टची छोटी नळी आणि शॅम्पूच्या पुड्या ठेवल्या. बायका आल्या. मी हळदकुंकू लावलं, अत्तर लावलं आणि म्हटलं, "पाच मिनिटं बसा, एका ताई आल्यात, त्या थोडं सांगणार आहेत." मॅडमनी भिंतीला पांढरा कागद लावला आणि गोल काढायला सुरुवात केली.

कोणी भांडलं नाही. बायका बसून राहिल्या, कारण कुंकू लावून घेतल्यावर तटकन उठून जायचं नसतं. पदर सावरत, एकमेकींकडे बघत बसल्या. कोपऱ्यातल्या घरच्या काकू हळूच उठल्या. त्यांनी वाण पाटावर परत ठेवलं आणि चप्पल घालून गेल्या. मला काही बोलल्या नाहीत. त्या बाईंकडे मी लग्न होऊन आल्यापासून दरवर्षी हळदीकुंकवाला जात होते. त्या वर्षी त्यांचं बोलावणं आलं नाही, पुढच्या वर्षीही नाही. त्या दिवशी माझ्या खाली दोन आयडी लागले आणि मॅडमनी ग्रुपवर माझा फोटो टाकला.

त्याच सुमारास लक्षात आलं की यादी संपत आली आहे. आमच्या ओळीतल्या प्रत्येक दारावर कोणी ना कोणी जाऊन आलेलं होतं. आमच्याच कंपनीच्या दुसऱ्या लाइनच्या बायका, शिवाय आणखी एका कंपनीच्या. एका घरी मी गेले तर तिथली बाई मलाच म्हणाली, "बरं झालं आलीस, मला तुझ्याशीच बोलायचं होतं," आणि तिनं आतून तिची वही आणली. मार्चमध्ये मी उरलेलं शेवटचं जवळचं माणूस आणलं, माझी धाकटी नणंद.

मार्च संपता संपता मामांना, म्हणजे अक्कांच्या यजमानांना, सिव्हिलमध्ये न्यावं लागलं. पायाच्या अंगठ्याची जखम चिघळली होती, साखर चारशेच्या वर गेली होती. डॉक्टरांनी गोळ्यांचं विचारलं. अक्का खाली बघत म्हणाल्या, गोळ्या तीन आठवड्यांपासून बंद केल्यात, पावडर चालू आहे.

पावडर मीच दिली होती. सेमिनारमध्ये एक माणूस स्टेजवर येऊन सांगायचा, की या पावडरीनं त्याची साखर आटोक्यात आली आणि गोळ्या सुटल्या. मी अक्कांना तेच सांगितलं होतं. गोळ्या बंद करा असं मी म्हटलं नव्हतं. पण "कुणाच्या तरी सुटल्या" असं ऐकल्यावर, एकीकडे गोळ्यांचा खर्च आणि दुसरीकडे ९,२०० रुपये देऊन घरात आलेले डबे असताना, माणूस दुसरं काय करेल? मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला या देशात १९५४च्या कायद्यानं बंदी आहे. हे मला नंतर कळलं. स्टेजवरचा तो माणूस औषध विकत नव्हता, फक्त स्वतःचा 'अनुभव' सांगत होता, आणि मीही अक्कांना दुसऱ्याचा अनुभवच सांगितला होता. एवढ्या पुसट रेषेवर हे सगळं उभं असतं.

अंगठा वाचला. पण त्या पहिल्या रात्री काही कळत नव्हतं. मी अक्कांबरोबर सिव्हिलच्या व्हरांड्यात बसले होते. त्या भिंतीला टेकून झोपल्या. माझ्या पिशवीत ती यादीची वही होती. बारावी कॉमर्स झालेली मी, दहा महिने लोकांना प्लॅन दाखवत होते, आणि त्या प्लॅनचं गणित एकदाही शेवटपर्यंत केलं नव्हतं. त्या रात्री केलं.

प्रत्येकानं दोनच माणसं आणायची, म्हणजे ओळी होतात २, ४, ८, १६, ३२ अशा. पुढे पुढे सोळाव्या ओळीला ६५,५३६, अठराव्या ओळीला २,६२,१४४, एकोणिसाव्या ओळीला ५,२४,२८८. सगळ्या ओळींची बेरीज तिथं दहा लाखांच्या वर जाते. २०११च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती, तीही तान्ह्या मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळी धरून. म्हणजे प्लॅन अगदी वहीत दाखवतात तसा चालला, तरी एकोणिसावी ओळ भरायला माणसं पुरतच नाहीत.

मग दुसरं गणित. माझे ९,२०० परत यायला किती जोड्या लागतात? एका जोडीचे १,०२०. नऊ जोड्यांचे ९,१८०, म्हणजे तरी वीस रुपये कमी. दहा जोड्या हव्यात. दहा डावीकडे, दहा उजवीकडे, वीस माणसं. झाड पूर्ण भरलेलं धरलं तर ज्याच्याखाली तीन ओळी आहेत त्याच्या सातच जोड्या होतात. चार ओळी असतील तर पंधरा. म्हणजे सगळ्यात खालच्या चार ओळींमधल्या कोणाचेच पैसे निघत नाहीत. आणि दुपटीनं वाढणाऱ्या झाडात खालच्या चार ओळींत किती माणसं असतात? सर्वांत खालच्या ओळीत निम्मी, तिच्या वरच्या ओळीत पाव, मग आठवा हिस्सा, मग सोळावा. मिळून सोळातली पंधरा माणसं. त्यांनी आळस केला म्हणून नाही, निगेटिव्ह विचार केला म्हणून नाही. झाडाचा आकारच तसा आहे. आणि यात महिन्याचे २,००० धरलेलेच नाहीत.

माझ्याखाली त्या दिवशी १८ माणसं होती, डावीकडे ११, उजवीकडे ७. सात जोड्या, ७,१४० रुपये. त्या अठरा घरांतून कंपनीकडे गेले होते १,६५,६०० रुपये. माझा स्वतःचा हिशोब असा निघाला: पॅकेज ९,२००, दहा महिन्यांचं रिपर्चेस २०,०००, सेमिनार आणि प्रवास ६,३५०, घरच्या मीटिंगा २,४००. एकूण ३७,९५०. आले किती? जोड्यांचे ७,१४० आणि माल विकून ४,८६०, म्हणजे १२,०००. आतबट्ट्याचा आकडा २५,९५०. पण त्या रात्री मला तो आकडा टोचला नाही. टोचले ते ७,१४०, कारण आमच्या ह्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिथं होतं. तो पैसा अक्कांच्या गटाच्या कर्जाचा होता, भावजयीचा होता, दुकानाच्या मावशींचा होता. देवापुढे मी तो ठेवला होता.

बाहेर पडणं आत येण्याइतकं सोपं नव्हतं. ताईला सांगितलं तर ती रडली. तिच्याही वर कोणी होतं, तिचेही पैसे अडकले होते. मॅडम म्हणाल्या, "लोक सोडतात तेव्हाच त्यांचं यश चार पावलांवर असतं." पुण्याच्या सरांनी फोन घेतला आणि आवाज न चढवता म्हणाले, "तक्रार करा की. पण लोक तुम्हीही जोडलेत. आधी तुम्हीच अडकाल."

या एका वाक्यानं पुष्कळ बायका गप्प बसतात. मीही आठवडाभर गप्प होते. मग ओळखीच्या एका वकिलीणबाईंकडे गेले. त्यांनी फी घेतली नाही. १९७८चा एक कायदा आहे, बक्षीस चिट्ठ्या आणि पैसे फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा. नवीन सभासद आणल्यावर पैसे मिळतील असं आमिष दाखवणारी योजना त्यात येते, आणि अशी योजना चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सर म्हणाले त्यात एवढं खरं होतं की सभासद करून घेणं आणि त्यात भाग घेणं यालाही तो कायदा मनाई करतो. हे ऐकून माझे हात गार पडले. बाई म्हणाल्या, "म्हणूनच लवकर ये. लपून बसलीस तर आणखी बायका जोडल्या जातील."

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती २०२१च्या डिसेंबरमध्ये आलेल्या थेट विक्रीच्या नियमांची. माल घरोघरी विकणाऱ्या कंपन्यांना बंदी नाही, पण माणसं जोडण्यावर पैसे देणाऱ्या पिरॅमिड योजनेला आहे. सामील होण्यासाठी फी घेता येत नाही. खपणार नाही इतका माल गळ्यात मारता येत नाही. करार मोडून बाहेर पडायला कूलिंग-ऑफ मुदत द्यावी लागते, विकण्याजोगा माल परत घ्यावा लागतो आणि कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. माझी पावती बघून त्या थांबल्या. "फी म्हणून घेतलेलं कुठं दिसत नाही. माल विकला असंच ते म्हणणार." ९,२०० रुपयांच्या त्या खोक्यात टूथपेस्ट कशासाठी होती ते तेव्हा मला समजलं.

आमच्या कंपनीची कूलिंग-ऑफ मुदत तीस दिवसांची होती. सहा जणींपैकी ती एकीचीच उरलेली होती, नणंदेची, आणि तिचं खोकंही फोडलेलं नव्हतं. आम्ही त्याच दिवशी ईमेल केला, शिवाय पोचपावतीसह पत्र पाठवलं. उत्तर येईना म्हणून १९१५ला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. मराठीत बोलता आलं. त्यांनी तक्रार नोंदवून नंबर दिला. दोन महिन्यांनी नणंदेचे ९,२०० तिच्या खात्यात परत आले. बाकी कोणाचंही काही आलं नाही. आमचे डबे फोडलेले होते, मुदत उलटली होती. पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेतही मी गेले. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, सगळ्या जणींनी मिळून या, पावत्या आणा, पैसे कोणाच्या हातात दिले ते लिहून द्या. अठराजणींपैकी तीन यायला तयार झाल्या. बाकीच्यांपैकी कोणाच्या घरी अजून माहीत नव्हतं, कोणाला सरांच्या त्या वाक्याची भीती होती. आम्ही चौघींनी अर्ज दिला आहे. त्याचं पुढे काय होतंय ते मी विचारत असते.

नणंद सोडून मी आणलेल्या बाकी पाचही जणींच्या घरी मी एकेक करून गेले. तिसऱ्या माणसाला बरोबर न घेता गेले. फोनवरच सांगून ठेवलं की कशासाठी येते आहे. दुकानाच्या मावशींनी मला उभं केलं आणि गिऱ्हाइकांसमोर जे बोलायचं ते बोलल्या. मी ऐकून घेतलं. भावजय म्हणाली, "वन्सं, पैशाचं जाऊ द्या, पण माझ्या आईला मी तुमच्या शब्दावर जोडलं." त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

आमच्या ह्यांच्याशी बसून ठरवलं. अक्कांचे ९,२०० पूर्ण द्यायचे, बाकी चौघींचे सध्या निम्मे, ४,६०० प्रमाणे. एकूण २७,६००. गठ्ठे पुन्हा नियमित येऊ लागले होते. मी रात्री दोन तास जास्त शिवायला लागले आणि अक्कांच्या गटाच्या हप्त्यात दर आठवड्याला २०० रुपये घालायचे ठरवले.

पहिल्या सोमवारी पैसे घेऊन गेले तेव्हा त्या दारात सूप घेऊन बसल्या होत्या. पान कातरून झालं होतं, विड्या वळणं चालू होतं. मामा आत खाटेवर, पायाला पट्टी. मी नोटा पुढे केल्या. त्यांनी हात पुसून त्या मोजल्या, गटाच्या कार्डात ठेवल्या आणि पुन्हा विडी वळायला घेतली. मी उठायला लागले तेव्हा म्हणाल्या, "मंगळवारी मामाला दाखवायला न्यायचंय. तू येतीस का? ते डॉक्टर काय बोलतेत मला कळत नाही."

अक्कांचे शेवटचे २०० मागच्या वर्षी दिले. चौघींपैकी दोघींचे झालेत. भावजयीचे १,९०० आणि दुकानाच्या मावशींचे २,६०० अजून राहिलेत. मावशी आता मला उधारीवर साखर देतात, पण माझं नाव वहीत लिहिताना मोठ्यानं वाचून दाखवतात.